वरच्या नळाचे, खालच्या नळाचे

टेकडीवर कोण कुठं राहतं हे आमच्याकडं नळावरून सांगतात. घर नंबर विचारला तर लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, गल्लीला नाव नाही आणि पाटी तर कधी लागलीच नाही. पण 'वरच्या नळाचे' किंवा 'खालच्या नळाचे' एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं. टाकीकडं जाणारा रस्ता मधून गेला आहे. त्याच्या वरच्या अंगाला एक सार्वजनिक नळ, खालच्या अंगाला दुसरा. लग्नाची पत्रिका वाटायची असो की कुणाच्या घरी माती झाली म्हणून निरोप द्यायचा असो, आधी नळ सांगायचा आणि मग माणूस. मी टेकडीच्या पायथ्याशी तीस वर्षं राहते, माझ्या घरात माझा स्वतःचा नळ आहे, तरी मीसुद्धा असंच बोलते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते या बोलण्यातूनच झालं.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, नगर परिषद असलेलं. म्हणायला शहर. कित्येक वर्षं निवडणूकच नव्हती, प्रशासक कारभार बघत होते आणि लोक गटार तुंबलं की कुणाला शिव्या द्यायच्या याच विचारात असायचे. मग एका पावसाळ्याच्या शेवटी प्रभागांचा नकाशा लागला. टेकडीचा वरचा भाग आणि पलीकडची नवी वसाहत मिळून चार नंबर. रस्त्याच्या खालचा भाग, माझं घर, जुना बाजार मिळून पाच नंबर. आधी हे सगळं एकच होतं आणि नगरसेवक दर वेळी जुन्या बाजारातला व्हायचा.

त्या दिवसापासून आमच्या घरात वाद सुरू झाला. माझा नवरा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. पेपर वाचून झाला की त्याला भांडायला कुणीतरी लागतं, आणि घरात मी एकटीच असते. त्याचं म्हणणं, हे वॉर्डच नकोत. सगळ्या गावानं मिळून सगळे सदस्य निवडावेत, म्हणजे माणूस गावाचा विचार करील. वॉर्डातला माणूस फक्त आपल्या मेव्हण्याच्या दारापुढची नाली बघतो. मी म्हणायची, गावाचा विचार करणारा माणूस टेकडी चढून कधी आलाय का? सगळ्या गावानं निवडायचं म्हटलं तर सगळे सदस्य मोठ्या रस्त्यावरच्या दुकानवाल्यांतूनच निघतील. वॉर्ड असला तर निदान मत मागायला तरी तो दारात येतो, आणि पाच वर्षांनी पुन्हा येणार म्हणून थोडं भितो. तो म्हणायचा, एका प्रभागात दोन-दोन नगरसेवक दिलेत, आता एक म्हणेल त्याला विचारा, दुसरा म्हणेल याला विचारा. हे मात्र मला खोडता यायचं नाही. मग मी उठून गॅस बंद आहे का ते बघून यायची. माझ्या पायाला भिंगरी आहे, वादात हरायला लागले की मी चालायला लागते.

मला वॉर्ड हवे होते त्याचं खरं कारण याडी होती. याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. तांड्यावरून येऊन टेकडीवर स्थायिक झालेल्या घरांतली ती बाई, पण तिला सगळी टेकडीच याडी म्हणते, मीही म्हणते. वय साठीच्या आसपास. भाजी विकते, आठवड्यातून एकदा जवळा बाजार गावच्या बाजाराला जाते. चौथी शिकलेली आहे, सही करते, आणि नगर परिषदेच्या पायऱ्यांवर रिकाम्या घागरी घेऊन बसायची वेळ आली की सगळ्यात पुढं बसते. तिची नातवंडं माझ्या हाताखाली शिकली. आरक्षणाची सोडत निघाली आणि चार नंबरची एक जागा इतर मागासवर्गातल्या बाईसाठी गेली, तेव्हा मी शाळेतून थेट टेकडीवर गेले. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात धरून गेले. याडी मेथी निवडत होती. मी म्हटलं, आता उभं राहायचं. ती हसली, पण दुसऱ्या दिवशी तिनं जातीचा दाखला कुठं ठेवलाय ते शोधायला घेतलं होतं.

तिला काय हवं होतं ते साधं होतं. वरचा नळ. नव्या वसाहतीला जोडण्या दिल्यापासून वरच्या नळाला पाण्याचा जोर उरला नव्हता. सहा-सात दिवसांनी पाणी यायचं आणि शेवटच्या रांगेतल्या घरांच्या बायकांच्या पहिल्या घागरी भरेपर्यंत जायचं. टेकडीचा माणूस सभागृहात बसल्याशिवाय नवी लाइन पडणार नाही, असं ती म्हणायची. मलाही ते पटलेलं होतं.

आणि त्याच सुमारास मतदार यादी फोडायचं काम आमच्या गळ्यात पडलं. शिक्षक म्हटला की त्याला काय, जनगणना करा, गुरं मोजा, याद्या करा, उरलेल्या वेळात शिकवा. विधानसभेची यादी हातात द्यायची आणि त्यातला कोण चारमधला, कोण पाचमधला, ते लिहायचं. यादीत घर क्रमांकाच्या रकान्यात एक तर शून्य, नाही तर कुणाच्या तरी आजोबांच्या वेळचा आकडा. नगर परिषदेतला तरुण लिपिक नकाशा देताना म्हणाला, मॅडम, घरोघर फिरून खात्री करा, रस्त्याच्या मधोमध हद्द आहे. मला त्याचा राग आला. माझं आयुष्य या टेकडीखाली गेलं आणि हा मला टेकडी शिकवतो. वर ऊन मी म्हणत होतं, सहामाहीचे पेपर तपासायचे होते आणि मला एका जागी बसवत नाही तसं एखादं काम लांबवणंही सहन होत नाही.

मी याडीच्या ओट्यावर बसले. नावं वाचत गेले, ती सांगत गेली. हा वरच्या नळाचा. ही खालच्या नळाची. हा मेला. ही हिंगोलीला दिली. चहा दोनदा झाला. टेकडीवरच्या प्रत्येक माणसाची तिला माहिती होती आणि मी पटापट चार, पाच, चार, पाच लिहीत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. संध्याकाळच्या आत यादी संपली. खाली छापलेलं होतं, 'प्रत्यक्ष स्थळपाहणी करून खात्री केली आहे.' मी सही केली. सही करताना पेन जरासुद्धा अडखळलं नाही, हे मला आजही आठवतं.

कच्ची यादी नगर परिषदेत लागली, हरकतींची मुदत आली आणि गेली. बाजारातल्या लोकांनी हरकती घेतल्या, त्यांच्याकडं अशा कामाला माणसं असतात. टेकडीवरून कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. माझ्याच हातच्या यादीत काय बघायचं होतं?

अर्ज भरायच्या दिवसांत याडी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडं आली. अर्जात यादीतला भाग आणि अनुक्रमांक लिहावा लागतो. मी पक्क्या यादीत चार नंबर उघडला, तिचं नाव सापडेना. पुन्हा बघितलं. मग पाच उघडला आणि ते तिथं होतं. तिच्या मुलाचं, सुनेचं, शेजारच्या घराचं, त्याच्या शेजारच्या घराचं. शेवटच्या रांगेतली अकरा घरं ओळीनं पाच नंबरमध्ये होती.

काय झालं ते मला तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. ती रांग रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. पण वरच्या नळाला पाणी पुरेना तेव्हापासून त्या अकरा घरांतल्या बायका रस्ता ओलांडून खालच्या नळावर येतात. पाच-सहा उन्हाळे झाले असतील. त्या स्वतःला खालच्या नळाच्या म्हणतात, याडी त्यांना खालच्या नळाच्या म्हणते, स्वतःलाही म्हणते, आणि मी तसंच लिहून घेतलं होतं. ज्या नळासाठी ती उभी राहत होती, त्याच नळानं तिचं नाव रस्त्यापलीकडं नेलं होतं. नेलं कसलं, मी नेलं होतं.

तिनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, तुमचं नाव पाचमध्ये आलंय, पण चारमधून उभं राहता येतं, सूचक फक्त चारमधला लागेल, तसा नियम आहे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ती म्हणाली, "मंग माझं मत मलाच न्हाई पडायचं?" मी म्हटलं, नाही. पिशवीचे बंद गुंडाळत ती म्हणाली की एका मतानं काय हुतंय. अकरा घरांचं मी बोलले नाही. यादी पक्की झाली होती, आता सांगून उपयोग नाही, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि त्या छापील ओळीखाली माझी सही होती. खोटी खात्री केली म्हणून नोटीस आली असती, निलंबनही झालं असतं.

तिथून मतदानापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चोराच्या मनात चांदणं. लिपिकाचा फोन आला की मी खुर्चीतून उठायची आणि तो भत्त्याच्या फॉर्मवर सही राहिली म्हणून सांगायचा. शाळेत मुलांना उगाच ओरडत होते. नवरा म्हणाला, निवडणुकीला याडी उभी आहे की तू? मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, गावाची एकच यादी असती तर ही रेघच नसती. आणि ते खरं असतं, म्हणूनच मला ऐकायचं नव्हतं.

शेवटच्या रांगेनं तिचा प्रचार सगळ्यात जास्त केला. बायका टोपल्या घरी ठेवून वसाहतीत फिरल्या. मतदानाच्या दिवशी त्या नटून खाली आल्या, तेव्हा मी पाच नंबरच्या केंद्राबाहेर चिठ्ठ्या द्यायला बसले होते. एका सुनेनं मशीनवरची नावं बघून बाहेर येऊन विचारलं की याडीचं नाव कुठंच दिसत नाही, काहून? मी मान खाली घालून दुसरी चिठ्ठी शोधत राहिले. तिला कुणीतरी सांगितलं की याडीचं नाव पलीकडच्या केंद्रातल्या मशीनवर आहे. ती म्हणाली, "पलीकडं तर आमचं घर हाय." मग ती गेली. मी पाणी प्यायला उठले आणि केंद्राच्या भिंतीला तीन फेऱ्या मारल्या.

याडी सतरा मतांनी पडली. अकरा घरांतली मतं किती होती ते मला यादी न बघता ठाऊक होतं. सतराच्या दुपटीहून जास्त.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी टेकडीवर गेले, पण तिच्या दारापर्यंत जाऊ शकले नाही. वरच्या नळापाशी थांबले, नळाची तोटी उगाच फिरवून बघितली आणि परत आले. दुसऱ्या दिवशी तीच शेपूची जुडी घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, पहिल्यांदा उभी राहिले आणि इतक्यांनी मत दिलं, हे काय कमी आहे. निवडून आलेल्या बाईला ती हार घालून आली होती. मला रडू आलं. तिला वाटलं, तिच्या पडण्याचं मला दुःख झालं. तेही होतंच. पण रडू त्याचं नव्हतं, आणि हेही मी तिला सांगितलं नाही.

चैत्रात वरचा नळ पूर्ण बंद पडला. खालच्या नळावर आता दोन्हीकडच्या बायका यायला लागल्या आणि भांडणं लागली. खालच्या बायकांनी ठरवलं, आधी आमच्या घागरी. शेवटची रांग पाच-सहा वर्षं तिथं पाणी भरत होती, तरी एका दिवसात ती वरची झाली.

याडी बायकांना घेऊन चार नंबरच्या नगरसेविकेकडं गेली. म्हणजे तिच्या नवऱ्याकडं, कारण नगरसेविका आत पोळ्या करत होती आणि कारभार बाहेरच्या खुर्चीत बसला होता. त्यानं मोबाइलमध्ये यादी उघडली, एकेकीचं नाव विचारलं आणि शांतपणे सांगितलं की तुमची नावं आमच्या प्रभागात नाहीत, तुम्ही पाचकडं जा. दुसऱ्या नगरसेवकानं फोनवरच तेच सांगितलं. पाचमधला एकजण भला माणूस, तो स्वतः टेकडीवर आला, रस्त्यावर उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, मत तुम्ही मला दिलं असेल, पण घरं रस्त्याच्या वर आहेत. माझ्या हद्दीत नसलेल्या ठिकाणी मी लाइन कशी मागू? पाचमधल्या दुसऱ्यानंही तेच सांगितलं. चौघे नगरसेवक झाले आणि अकरा घरांना त्यातला एकही नाही. नवरा म्हणायचा ते दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवण्यापुरतं होतं. इथं चौघं दाखवत होते, आणि कुणाचंच बोट खोटं नव्हतं.

हे सगळं तिनं मला माझ्या ओसरीत बसून सांगितलं. सकाळची शाळा सुटून मी नुकतीच आले होते. ती दोन घागरी घेऊन निघाली होती, त्या रिकाम्याच तिच्या शेजारी होत्या. घाम पुसत ती म्हणाली, "बाई, तुमी लिवलेली यादी हाय. आता आमी कोण्या नळाचे, तेवढं एका कागदावर लिवून द्या. म्हंजे दाखवता येईल."

माझ्यानं बसवेना. मी उठले, आत गेले, बाहेर आले. मग उभ्या उभ्याच सांगून टाकलं. की नकाशा रस्त्याचा होता, नळाचा नव्हता. की मला घरोघर जायला सांगितलं होतं आणि मी गेले नाही. की अर्जाच्या दिवशीच मला अकरा घरं दिसली होती. की तिचं एक मत नव्हतं गेलं, सगळी रांग गेली होती, आणि ती निवडून आली असती. नवरा आतून पेपर हातात घेऊन दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तो काही बोलला नाही याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

याडीनं घागरीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वरचे-खालचे मीच सांगितले व्हते की तुमाला."

मी म्हटलं, तुम्ही नळ सांगितला, तो बरोबरच सांगितला. हद्द बघायचं काम माझं होतं.

मी कागद घेतला. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. टाकी रस्त्याच्या वरच्या बाजूची शेवटची अकरा घरं प्रत्यक्षात प्रभाग चारच्या हद्दीत आहेत, मतदार यादीत ती पाचमध्ये चुकून दाखवली गेली आहेत, तरी पाण्याच्या लाइनसाठी त्यांना चारमध्ये धरावं. 'चुकून दाखवली गेली' इथं मी थांबले. शाळेत मी मुलांना असं लिहू देत नाही, कुणी केलं ते लिहा म्हणते. मी ते खोडलं आणि लिहिलं, सदर यादी मी केली असून या घरांची प्रत्यक्ष पाहणी मी केली नव्हती. अक्षर चांगलं आलं.

याडी म्हणाली वाचून दाखवा. मी वाचलं. त्या ओळीपाशी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं की यानं तुमच्या नोकरीला काही होईल का. मी म्हटलं, होईल कदाचित. पण ही ओळ नसली तर कुणी कागदाकडं बघणार नाही, यादीच खरी धरतील.

तिनं मान हलवली. दोन्ही घागरी उचलून एक डोक्यावर ठेवली, एक काखेत घेतली. खालच्या नळाला पाणी यायची वेळ झाली होती आणि तिथं आज तिला शेवटी उभं राहावं लागणार होतं. पायरी उतरता उतरता ती वळली. आवाजात राग नव्हता, मला तो चालला असता.

"मंग ही वळ तवाच लिवायला पायजे व्हती, बाई."

मी अर्जाखाली सही केली, तारीख घातली आणि नगर परिषद बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून चपला शोधायला लागले.